दिव्याभोवती फंक

कुंभकोणम, १८ जुलै २०२४

अक्का,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, ईमेल उघडत नाहीस, पण पोस्टाला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. तुझा लीड्सचा पत्ता अप्पाजींनी दिला. "मी दिलों म्हणून सांगूं नको," असं बजावून दिला, म्हणून सांगते आहे.

पत्र पुणेरी मराठीत लिहिते आहे, कारण आपलं भांडण त्याच भाषेत झालं. घरच्या तंजावरी मराठीत आपल्याला एकमेकींवर इतकं वाईट बोलताच आलं नसतं, तेवढे शब्दच नाहीत तिच्यात.

बातमी अशी, की येत्या रविवारपासून कुंभकोणमात आपली सोल नाइट सुरू होते आहे, तबकड्या, नाच, सगळं. हसून घे, मग पुढे वाच.

कंपनीने घरून काम करायची मुभा दिली तेव्हा मी पुण्याची खोली सोडून घरी अप्पाजींकडे आले, हे तुला कळलं असेलच. दोन टर्नटेबल आणि माझी तबकड्यांची खोकी माडीवर धूळ खात पडली होती. काल आडी महिना लागला. आडीत लग्न नाही, मुंज नाही, साठीशांत नाही, त्यामुळे सुंदरराव मामांचा मंडपम् महिनाभर रिकामा. तोच मंडपम्, जिथे तुझे कान टोचले आणि माझे टोचताना मी मामांच्या हाताला चावले. मी त्यांना विचारलं, रविवारी हॉल द्याल का? मामांनी कॉफीचा पितळी डबरा खाली ठेवला.

"सोल म्हंजे काय गे? आत्मा?"

"तसंच काहीसं."

"आत्म्याचा कार्यक्रम तर बराच. पण दीप लाविलाच पाहिजे. पायांत चपला नकोत. आणि आठाला जेवण. आठानंतर आत्माही नको."

तेव्हा आपली ही 'नाइट' दुपारी चारला सुरू होऊन आठाला संपणार. अनवाणी. दारूऐवजी सुंडल, खोबरं घातलेले हरभरे. लीड्सला तू तबकड्या लावतेस त्या पबच्या माडीवर हे वाचून दाखव, लोकांना करमणूक होईल.

अडचण एकच आहे आणि ती तुला माहीत आहे. पुण्यात आपण तबकड्या वाटून घेतल्या, सोल सगळं तुझं, फंक सगळं माझं. भाऊबंद शेताचा बांध घालतात तशी मधे चादर घातली होतीस. आता सोल नाइट करायची आणि घरात सोलच नाही, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. चुकीच्या खोक्यात राहून गेलेल्या तुझ्या तीन तबकड्या माझ्याकडे आहेत, त्यांवर चार तास काढायचे आहेत. त्यात 'खोकलेवाली' आहे, ती गायच्या आधी खोकते ती. इथल्या लोकांना तिचा खोकला फार आवडेल असं वाटतं.

इथे लोक विचारतात, सोल आणि फंक यांत फरक काय. मी सांगते, सोलमध्ये माणूस मन मोकळं करून गातो आणि वाद्यं त्याला सांभाळून घेतात. फंकमध्ये ड्रम आणि बास बोलतात, गाणाऱ्याने त्यांच्या मधे जागा शोधायची. तुला ही व्याख्या पटणार नाही. तुझ्या मते फंक म्हणजे सोलमधून सोल काढून घेतल्यावर उरतं ते.

त्या संध्याकाळबद्दल मी काही लिहिणार नाही असं ठरवलं होतं, पण लिहिते. कोथरूडच्या गच्चीवर तुझी 'रडकी राधा' संपत आली होती, माणसं डोळे मिटून डोलत होती, आणि तिच्या पाठीवर मी माझी 'निळी', निळ्या लेबलची ती फंक, लावली. तू गर्दीतून आलीस आणि सगळ्यांदेखत सुई उचललीस. म्हणालीस, "लोक रडायला आले होते, तू त्यांना उड्या मारायला लावलंस." मी म्हणाले, "रडून झाल्यावर माणसाने काय करायचं?" तू लीड्सला गेलीस.

काही मागत नाही मी. फक्त एवढंच, की 'रडकी राधा' इथे असती तर बरं झालं असतं.

नंदिता


कुंभकोणम, २२ जुलै २०२४

अक्का,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, कारण हे कुणाला तरी सांगितलंच पाहिजे आणि अप्पाजींना सोल कळत नाही, मामांना कार्यक्रम कळला नाही.

काल माणसं बरी जमली. बँकेतले, कॉलेजातले, आपल्या बोळातले, आणि मीनाक्षीबाई. मामांच्या शेजारच्या भांड्यांच्या दुकानातल्या मीनाक्षीबाई आठवतात ना, मरुदानल्लूरच्या मठातल्या भजनात पहिल्या रांगेत बसतात आणि भजन गाणारे भागवतर चुकले तर त्यांच्याकडे नुसतं बघतात? त्या आल्या आणि थेट पहिल्या रांगेत बसल्या. पहिली रांग नव्हतीच. त्यांनी बसून ती केली. त्यांच्या मागे सगळे मांडी घालून बसले.

मी नाचायला हॉल मोकळा ठेवला होता आणि मधोमध मामांचा कुत्तुविळक्क, तो पुरुषभर उंचीचा पितळी दिवा, पाचही वाती लावून. माझ्यासमोर माणसं गाण्याच्या कचेरीला बसल्यासारखी बसलेली. 'खोकलेवाली' लावली. सगळ्यांनी मांडीवर ताल धरला. आणि धरला कसा, तर पहिल्या मात्रेवर. सोलमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्यावर असते हे तिथे कुणाला सांगणार? तू असतीस तर बेशुद्ध पडली असतीस. पण तिने जिथे आवाज फोडला तिथे मीनाक्षीबाईंनी डोळे पुसले आणि मागून कुणीतरी "भले" म्हणालं. खरं सांगते, मला आनंद झाला.

मग मी फंक लावलं. आणि अक्का, सगळे उठले. मला वाटलं, जिंकलो. उठले, दिव्याला हात जोडले, चपला शोधल्या आणि घरी गेले.

मी जिन्यात मीनाक्षीबाईंना गाठलं. "झालं की गे," त्या म्हणाल्या. "जोरातलं हलकं गाणं आलं म्हंजे मंगळच की. बरं झालं कार्यक्रम. थोडा लहान झाला."

कचेरीत मोठा राग संपला की शेवटी झटपट हलकी गाणी येतात, मग समाप्तीचं मंगळ, आणि लोक पिशव्या आवरायला लागतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं. सव्वापाचला हॉलमध्ये मी, दिवा आणि परातभर सुंडल. मामा म्हणाले, "आठ म्हणितलों होतों, तूं तर आज्ञाधारक निघालीस."

सुंडल आम्ही दोघांनी खाल्लं.

नंदिता


कुंभकोणम, २९ जुलै २०२४

अक्का,

या वेळी मी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की जोरातलं गाणं आलं तरी मंगळ नाही, चपला घालायच्या नाहीत. मीनाक्षीबाईंनी ते तमिळमध्ये पुन्हा सांगितलं, जास्त दरडावून.

मग फंक लावलं आणि सगळे नुसतेच उभे राहिले. काय करायचं ते कुणाला ठाऊक नाही. कॉलेजची मुलं एकमेकांकडे बघून हसतात, बँकवाले हाताची घडी घालून भिंतीला टेकलेले. पुण्यात आपलं असं कधी झालं नाही. मी टेबलामागून बाहेर येऊन नाचायला लागले, एकटीच, दिव्याला पाठ करून.

"दीपाला पाठ दाखवून कोण नाचतें?" मीनाक्षीबाई पुढे आल्या. पदर खोचला. "असं कर." आणि दिव्याला उजवीकडे ठेवून त्या चालायला लागल्या, दोन पावलं, टाळी, वळण. भजनात दिव्याभोवती फेर धरतात तसा. अक्का, फंक पहिल्या मात्रेवर उभं असतं आणि त्यांची टाळी पहिल्या मात्रेवर. लीड्स, पुणे, कुठेही कुणी इतकं अचूक नाचलं नसेल. त्यांच्या मागे बँकेचे चंद्रमौळी, त्यांच्या मागे मुलं, मग सगळा हॉल. अनवाणी पावलांचा आवाज लाद्यांवर येत होता तो मी वेगळा ऐकण्यासाठी आवाज कमी केला. मामा दाराशी होते. त्यांचंही डोकं हलत होतं, फक्त कुणी बघितलं की थांबायचं.

आता खरं दुःख. सोल लावलं की सगळे बसतात. फंक लावलं की उठतात. पुन्हा सोल, पुन्हा बसतात. शाळेत कवायतीला असायचं तसं. सातला एक गुडघेदुखीवाले काका येऊन म्हणाले, "एक काय ते ठरवा हो."

तेव्हा तुझं म्हणणं मला ऐकू आलं. तू म्हणायचीस, दोन घरं आहेत, एकात राहा. मी म्हणायची, मधे दार आहे. दार आहेच, अजूनही म्हणते. मला ते सापडत नाही एवढंच. हे कबुली म्हणून वाचू नकोस, निरीक्षण आहे.

अप्पाजी आले नाहीत. मी विचारलं तेव्हा टाळ पुसत बसले होते. म्हणाले, "एक टाळ घेऊन ताल होतो काय? दुसरी कोठें आहे?" मला आधी वाटलं, टाळाबद्दलच बोलताहेत. तुम्ही दोघी एकत्र असल्याशिवाय मी त्या हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. आई गेल्यापासून ते थेट काही बोलत नाहीत, सगळं वस्तूंवर घालून बोलतात.

नंदिता


कुंभकोणम, १२ ऑगस्ट २०२४

अक्का,

शनिवारी पार्सल आलं. वर तुझं अक्षर, आत तीन थर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यात 'रडकी राधा'. चिठ्ठी नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं, पुठ्ठ्याच्या घड्या उलगडल्या, काही नाही. अप्पाजी म्हणाले, "आणखी काय पाहिजे तुज?" बरोबर आहे. स्वतःची सगळ्यांत लाडकी तबकडी तू समुद्रापलीकडे पोस्टाने धाडलीस. ब्लॉक केलेल्या माणसाला.

आता ऐक काय झालं ते, क्रमाने सांगते, नाहीतर मी उड्या मारत शेवटाला जाईन.

शनिवारीच संध्याकाळी मरुदानल्लूरला भजन होतं. अप्पाजींचा खांदा दुखतो आहे, म्हणून त्यांनी टाळ माझ्या हातात दिले आणि स्वतः मागे बसले. वैद्यनाथ भागवतर गात होते. नामावळी नेहमीसारखी, आधी एक ओळ सावकाश, मग सगळ्यांनी ती म्हणायची. मी टाळ वाजवत होते पण डोक्यात 'रडकी राधा' चालली होती, तिच्या मागे काय लावता येईल याचा विचार. त्या नादात माझा हात दुप्पट पडायला लागला. ओळ सावकाश, टाळ दुगणीत. भागवतरांनी माझ्याकडे बघितलं. मीनाक्षीबाईंनीही बघितलं. पण आता थांबले तर सगळंच कोसळणार, म्हणून मी वाजवत राहिले. भागवतर हट्टी, त्यांनी लय सोडली नाही. एक अख्खं आवर्तन ते सावकाश गात राहिले आणि माझे टाळ खाली दुपटीने चालत राहिले.

आणि ते बसलं, अक्का. घासलं नाही कुठे. पुढच्या फेरीला लोक आपोआप जलद ओळीवर आले. कुणी उठवलं नाही, कुणी ढकललं नाही. निम्मे लोक अजून डोळे मिटून होते आणि पाय मात्र हलायला लागले होते.

भजन संपल्यावर भागवतर म्हणाले, "चुकलीस. पण समेवर चुकलीस." पुढे म्हणाले, दुगण घ्यायची ती गाणं संपल्यावर नव्हे, गाणं चालू असतांच आंत घ्यायची. हे मी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेलं आहे. तूही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

घरी येऊन 'रडकी राधा' मोजली. मिनिटाला बावन्न ठोके. मग माझी खोकी उपसली आणि एकशे चारची फंक शोधली. माहीत आहे कुठली निघाली? 'निळी'. तीच. पुण्यात मी ती 'रडकी राधा'च्या पाठीवर तशीच आपटली होती, वेग न जुळवता, गाणं संपत आल्यावर. दोघींना एकमेकींत शिरायला मी जागाच दिली नव्हती.

रविवारी पाचच्या सुमाराला 'रडकी राधा' लावली. सगळे मांडी घालून बसले. दुसऱ्या कडव्यात, ती अजून पुरती रडायची असताना, मी 'निळी'चे नुसते ड्रम खालून उचलले, आधी इतके हळू की मलाच शंका यावी. एका ठोक्यात दोन. ती गातेच आहे. मीनाक्षीबाईंच्या मांडीवरचा हात एकदाच्या जागी दोनदा पडायला लागला. मग बास आला. ती अजून गातेच आहे, अक्का, तोच आवाज, तेच दुःख, आणि खाली पाय. लोक उठले ते कधी उठले ते मला कळलं नाही. मीनाक्षीबाई रडत होत्या आणि फेर धरत होत्या, एकाच वेळी, टाळी न चुकवता. रडून झाल्यावर माणसाने काय करायचं, असं मी तुला विचारलं होतं. प्रश्नच चुकीचा होता, रडून होईपर्यंत थांबायलाच लागत नाही.

अप्पाजी हॉलमध्ये आले नाहीत. पण माझं खोकं पोचवायला म्हणून जिन्यापर्यंत आले होते ते जिन्यातच राहिले. दार उघडं होतं. त्यांचा पाय मला दिसत होता.

चार दिवसांनी आडी संपते. आवणी लागली की लग्नं, मंडपम् आपला नाही. पुढची संधी मार्गळीत, डिसेंबर-जानेवारीत. तेव्हाही लग्न नसतं. या गावात नाचायचं तर अशुभ महिने शोधावे लागतात.

'रडकी राधा' सुखरूप आहे. एकही ओरखडा नाही.

नंदिता


कुंभकोणम, १९ ऑक्टोबर २०२४

अक्का,

दुसरं पार्सल मिळालं. चार सोल. याही वेळी चिठ्ठी नाही, पण प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा. ४८. ५५. ५१. ५६. लावून मोजले, तर मिनिटाचे ठोके निघाले. हे वेग तुझ्या उपयोगाचे नाहीत. एकामागून एक सोल लावणाऱ्या बाईला दुप्पट करायला सोपा असा आकडा कशाला लागतो? तू तिथे बसून, घड्याळ लावून, माझ्यासाठी ठोके मोजलेस. फंकसाठी.

तुला काय वाटलं, मला कळणार नाही?

आता सरळच लिहिते, आडून आडून लिहायचा मलाच कंटाळा आला. मला तुझी फार आठवण येते. हेडफोनचा एक कान तुझ्याकडे आणि एक माझ्याकडे असायचा त्याची आठवण येते. तू तबकडीवर फुंकर मारायचीस आणि मी म्हणायची, थुंकी उडते. मार्गळीत ये. पाच जानेवारीचा रविवार मामांनी माझ्या नावाने लिहून ठेवला आहे, तो मी आपल्या दोघींच्या नावाने करते. तू नाही आलीस तरी नाइट होईल, चांगली होईल. पण मी ती तुझ्याशिवाय करायला लागले ती तुला दाखवायलाच.

मीनाक्षीबाई विचारतात, "मोठी केव्हां येते?" त्यांना भांडण ठाऊक नाही. किंवा ठाऊक असेल. त्या असं विचारतात की उत्तर तारखेतच द्यावं लागतं.

नंदिता


कुंभकोणम, १८ डिसेंबर २०२४

अक्का,

तुझं कार्ड आलं. तीन वर्षांनंतर तुझ्या तीन ओळी: "येते आहे. रिक्षात मावणार नाहीत एवढी खोकी आहेत, मामांना गाडी सांग. माझ्या तासात फंक नाही."

अप्पाजींना वाचून दाखवलं. त्यांनी कार्ड हातात घेतलं, चष्मा लावून स्वतः वाचलं, मग देवापाशी ठेवलं. संध्याकाळी बघते तर दोन्ही टाळांना नवी दोरी ओवत बसलेले. म्हणाले, "जुनी झिजली होती." झिजली नव्हती.

तुझी अट मंजूर. पाच ते सहा तुझा तास. मी खोक्याला हात लावणार नाही, टेबलाला टेकणारही नाही, मांडीखाली हात दाबून बसेन. सोल, फक्त सोल, तुझ्या मनासारखं. फक्त एक सांगते, नंतर म्हणशील सांगितलं नाही: इथे टाळी पहिल्या मात्रेवर पडते. दटावू नकोस त्यांना. मी दोन रविवार प्रयत्न केला, मग मीनाक्षीबाईंनी मला दटावलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्या माझ्याबद्दल म्हणाल्याचं कानावर आहे.

थंडी नाही, पण पहाटे दव असतं, एक शाल आण. बोळात पहाटेच भजन फिरतं. तुला झोपू देणार नाही ते.

येतेस, एवढं पुरे आहे. पुढचं भांडण झालंच तर घरी करू, घरच्या भाषेत.

नंदिता


मंडपम्, रविवार, ५ जानेवारी २०२५
(कुणाच्या तरी साठीशांतीच्या पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर)

अक्का,

तू माझ्यापासून हातभर अंतरावर उभी आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. स्पीकर शेजारी आहे, ओरडल्याशिवाय ऐकू येणार नाही. लिहून तुझ्यापुढे सरकवते.

तुझा तास संपायला अजून वेळ आहे. मी शब्द पाळला आहे, बघ, डावा हात अजून मांडीखालीच आहे, लिहायला उजवा तेवढा काढला. तू पुण्यात लावायचीस त्याहून सुंदर लावते आहेस. सगळे बसले आहेत, दिव्याभोवती गोल, पहिल्या मात्रेवर टाळी देताहेत आणि तू त्यांना दटावलं नाहीस. उलट मघापासून तुझा स्वतःचा पायही पहिल्या मात्रेवर पडतो आहे. कुणाला सांगणार नाही.

अप्पाजी आत आले. जिन्यात नाही, आत, मीनाक्षीबाईंच्या शेजारी, पहिल्या रांगेत. टाळ मांडीवर आहेत. तू दुसऱ्यांदा 'रडकी राधा' लावलीस तेव्हा ते दिव्याकडे बघत होते, आता आपल्याकडे बघताहेत.

आणि तू काय करते आहेस ते मला दिसतं आहे. दिसत नाही असं समजू नकोस. तुझा हात माझ्या खोक्यात गेला आहे. मी ठेवली होती तिथून तू काढलीस, न शोधता, मधोमध होती तरी. निळं लेबल. फुंकर मारलीस, थुंकी उडाली. दुसऱ्या टर्नटेबलवर ठेवलीस, आणि आता दुसरं कडवं चालू झालं तरी सुई धरून थांबली आहेस. माझ्याकडे बघते आहेस.

पुरे आता पुणेरी.

अक्का गे, मी हात लावित नाहीं. सुई तुझ्याच हातीं आहे. अप्पाजींनीं टाळ उचलिले, दोन्ही. मीनाक्षीबाईंनीं पदर खोचिला. गातच आहे ती, संपायाची वाट नको पाहूं.

सोड सुई.